मुक्त व्यवसायातील ग्राहक संबंध व्यवस्थापन

मुक्त व्यवसायातील ग्राहक संबंध व्यवस्थापन म्हणजे भाषांतरकार, आरेखक, छायाचित्रकार, लेखा सल्लागार अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिकांनी ग्राहकांची माहिती, त्यांच्याशी झालेला संवाद, चालू कामे आणि येणे रक्कम यांची एकत्रित नोंद ठेवण्याची पद्धत होय. त्यासाठीच्या संगणकप्रणालीस इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सीआरएम' म्हणतात. मोठ्या कंपनीत ही प्रणाली विक्री विभागातील अनेकांमध्ये समन्वय साधते. एकट्या व्यावसायिकासाठी ती मुख्यतः स्मरणाचे साधन असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील व्यापारात रोजकीर्द आणि खतावणी या वह्यांची जुनी परंपरा आहे. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहिले जातात, तर खतावणीत ते प्रत्येकाच्या खात्यात उतरवले जातात. खतावणीतून घेणे-देणे समजते. परंतु नवी विचारणा, दिलेला शब्द किंवा पुढील भेटीची तारीख तीत नसते. ही उणीव सीआरएम भरून काढते.

संपर्क सांभाळणारी 'ॲक्ट' ही आज्ञावली १९८७ मध्ये बाजारात आली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने अशी प्रणाली आंतरजालावरून मासिक शुल्कावर देण्याची पद्धत रूढ केली. भारतीय कंपनी झोहोची सीआरएम प्रणाली २००५ पासून उपलब्ध आहे. सुइटसीआरएम ही मुक्त स्रोत प्रणाली २०१३ मध्ये आली.

गरज

जळगाव जिल्ह्यातील नशिराबाद हे गाव जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर आहे. अशा गावातून काम करणाऱ्या संकेतस्थळ आरेखकाचे ग्राहक जळगावच्या सराफी पेढीपासून परदेशातील संस्थेपर्यंत कोणीही असू शकतात. एकाचा निरोप व्हॉट्सॲपवर, दुसऱ्याचा ईमेलवर, तर तिसऱ्याचा दूरध्वनीवर येतो. संवाद असा विखुरला की दरपत्रक पाठवून विसरणे, ठरलेला दर न आठवणे किंवा थकबाकी मागण्यास उशीर होणे, असे प्रकार घडतात. त्यांचा थेट परिणाम उत्पन्नावर होतो.

निवड

निवडीपूर्वी विचारणेपासून पैसे हाती येईपर्यंतचे टप्पे कागदावर लिहून काढणे उपयुक्त ठरते. ग्राहक थोडे असल्यास तक्ताप्रणालीतील एक तक्ताही पुरेसा असतो. स्वतंत्र प्रणाली घेताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

- मोफत आवृत्तीची मर्यादा आणि त्यापुढील शुल्क
- भ्रमणध्वनीवर, तसेच मंद आंतरजालावर वापरण्यातील सुलभता
- देवनागरीत नोंद आणि शोध घेण्याची सोय
- रुपयांत दरपत्रक व देयक तयार करण्याची सोय
- सर्व विदा बाहेर काढण्याची मुभा

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची मानली जाते. सेवा बंद पडल्यास किंवा शुल्क वाढल्यास विदा सीएसव्हीसारख्या सर्वमान्य स्वरूपात हाती नसेल, तर अनेक वर्षांच्या नोंदी अडकून पडतात. म्हणून प्रणाली स्वीकारण्यापूर्वी काही नोंदी भरून त्या बाहेर काढून पाहिल्या जातात. मुक्त स्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवल्यास विदा आपल्याकडे राहते. मात्र अद्ययावतीकरण आणि सुरक्षेची जबाबदारीही आपल्यावरच येते.

मांडणी

पहिले काम जुन्या नोंदींच्या शुद्धीकरणाचे असते. एकाच ग्राहकाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत निराळे नोंदले गेल्यास दुबार नोंदी होतात. त्यामुळे भ्रमणध्वनी क्रमांक ही ओळखखूण धरणे सोयीचे असते. तक्ताप्रणालीत देशसंकेतासह लिहिलेला क्रमांक कधी कधी संख्या समजून बदलला जातो, म्हणून तो स्तंभ मजकूर स्वरूपात ठेवतात. धारिका युटीएफ-८ संकेतनात जतन न केल्यास देवनागरी अक्षरे बिघडू शकतात.

त्यानंतर 'विचारणा', 'दरपत्रक दिले', 'काम चालू', 'देयक पाठवले' आणि 'पैसे मिळाले' असे मोजके टप्पे ठरवले जातात. प्रत्येक चालू नोंदीस पुढील कृती आणि तिची तारीख जोडणे हा या मांडणीचा गाभा होय. तारीख नसलेली नोंद केवळ पत्त्याच्या वहीसारखी उरते.

कायदेशीर बाजू

ग्राहकांची वैयक्तिक माहिती संगणकावर ठेवणाऱ्या व्यावसायिकांशी 'डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३' संबंधित आहे. केवळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी व्यक्तीने ठेवलेल्या माहितीस तो लागू होत नाही. व्यवसायासाठीची माहिती या सवलतीत येत नाही. हेतू संपल्यावर किंवा संमती मागे घेतल्यावर माहिती पुसण्याचे बंधन त्यात आहे, मात्र अन्य कायद्याने जतन आवश्यक असलेल्या नोंदी त्यास अपवाद ठरतात. उदाहरणार्थ, वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत व्यावसायिकास हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्यामुळे देयके आणि इतर वैयक्तिक तपशील वेगळे ठेवणे सोयीचे ठरते.

मर्यादा

प्रणाली नोंदी आपोआप पूर्ण करत नाही. संवाद झाल्यावर लगेच नोंद करण्याची आणि आठवड्यातून एकदा प्रलंबित तारखा पाहण्याची सवय नसेल, तर महागडी प्रणालीही निरुपयोगी ठरते. अनावश्यक रकाने वाढवल्यास नोंदीचा कंटाळा येतो आणि व्यावसायिक पुन्हा स्मरणशक्तीवर विसंबतो.