पावणेनऊशे वर्षं न फिरलेलं चाक : ‘फुकट विजेच्या’ मशीनचा इतिहास

पोस्ट मोठी आहे, पण पैशाची गोष्ट आहे. वेळ काढून वाचा.

मोबाईलवर असे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. लोखंडी फ्रेमवर एक जड चाक, कडेला चुंबकं, पट्टा, एक जनरेटर. माणूस हाताने एकदा झटका देतो, चाक पळायला लागतं, बल्ब लागतो. ना डिझेल, ना वायर, ना बिल. खाली मोबाईल नंबर. ‘पाच एचपीची मोटर चालेल, बुकिंग चालू, तालुक्याला एकच डीलर.’

आपल्याकडे हे लगेच पटतं, कारण दुखणं खरं आहे. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकार भरतंय, म्हणजे बिलाचा प्रश्न बराच हलका झाला. पण लाईट रात्रीची येते ती येतेच. डीपी जळाली की मंठा असो की भोकरदन, नवी येईपर्यंत पीक वाट बघत नाही. मोसंबीला पाणी द्यायला रात्री दोन वाजता साप-विंचवातून जाणाऱ्याला कुणी ‘चोवीस तास स्वतःची लाईट’ म्हटलं, तर तो थांबून ऐकणारच. तो अडाणी नाही, अडलेला आहे. विकणाऱ्याला नेमका असाच माणूस पाहिजे असतो.

म्हणून आधी या मशीनचा इतिहास बघू. तो आपल्या जवळूनच सुरू होतो.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. तेव्हा राज्य देवगिरीच्या यादवांचं, म्हणजे आपलाच मुलूख. त्या ग्रंथाच्या यंत्राध्यायात एक आपोआप फिरणारं चाक सांगितलंय. हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर थोडे तिरपे पोकळ आरे, प्रत्येक आरा पाऱ्याने अर्धा भरायचा, तोंड बंद करायचं आणि चाक दोन खांबांवर ठेवायचं. पारा एका बाजूला सरकत राहील आणि चाक फिरत राहील, अशी कल्पना.

फिरतं का? नाही. एका बाजूला पारा मधल्या आसापासून लांब जातो, पण त्या बाजूला भरलेले आरे कमी पडतात. दुसऱ्या बाजूला पारा जवळ, पण आरे जास्त. तराजू बरोबरीत येतो आणि चाक थांबतं. यात भास्कराचार्यांचा मोठेपणा कमी होत नाही. ऊर्जेचा नियम सापडायला अजून सातशे वर्षं होती. आणि मुख्य गोष्ट, त्यांनी या चाकाचं बुकिंग घेतलं नव्हतं.

पुढे युरोपातही अशी चाकं खूप झाली. इतकी, की 1775 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीरच केलं की आपोआप चालणाऱ्या यंत्राचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही. पण लोक थांबले नाहीत. फरक एवढाच, की आता यात पैसा आला होता.

1812 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने असं यंत्र मांडलं. बघायला तिकीट. वर सरकारकडे पैशाची मागणी. तपासणीला माणसं आली तर खोलीला कुलूप, खिडकीतून बघा म्हणे. त्या पथकातल्या एकाचा पोरगा सोबत होता. त्याने गिअरचे दाते बघितले. यंत्र दुसरं चाक फिरवतंय असा दावा होता, पण दाते उलट्या बाजूने झिजलेले होते. म्हणजे ते दुसरं चाकच यंत्राला फिरवत होतं! आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री हे एका नजरेत सांगेल.

रेडहेफर तिथून न्यूयॉर्कला गेला. तिथे आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन बघायला आला. चाकाची चाल त्याला एकसारखी वाटली नाही, हाताने फिरवल्यासारखी वाटली. त्याने भिंतीच्या फळ्या उचकटल्या. आत आतड्याच्या तातीचा पट्टा निघाला. तो पट्टा धरत लोक माळ्यावर पोचले, तर तिथे एक म्हातारा बसून हँडल फिरवत होता.

त्याच फिलाडेल्फियात पुढे जॉन कीली आला. 1870 च्या दशकात त्याची कंपनी निघाली, शेअर विकले गेले. वीस वर्षांहून जास्त काळ ‘मोटर आता तयारच होतेय’ हे चालू राहिलं. 1898 मध्ये तो वारला. मग घर तपासलं, तर जमिनीखाली दाबलेल्या हवेसाठीची लोखंडी गोल टाकी सापडली.

हे जुनं झालं म्हणाल, तर चुंबकाचंच ताजं उदाहरण घ्या. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने 2006 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात दिली, की आमच्या चुंबकी यंत्रातून फुकट ऊर्जा निघते, शास्त्रज्ञांनी तपासावी. 2007 मध्ये लंडनला जाहीर प्रयोग ठेवला, तो झालाच नाही. कारण सांगितलं, दिव्यांच्या उष्णतेने बिघाड झाला. 2009 मध्ये त्यांनीच नेमलेल्या मंडळाने एकमताने सांगितलं, ऊर्जा निघते हे दाखवलेलं नाही. 2016 मध्ये कंपनी गुंडाळली. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो गेले.

आता या सगळ्यांत सारखं काय आहे बघा. रेडहेफरने तिकीट विकलं. कीलीने शेअर विकले. स्टिऑर्नने गुंतवणूक घेतली. आजचा माणूस बुकिंग, डीलरशिप नाहीतर नकाशाची पीडीएफ विकतो. वीज कुणीच विकली नाही. ज्याच्याकडे दूध देणारी म्हैस आहे तो दूध विकतो, म्हशीचा फोटो विकत नाही.

आपल्या जालन्याचंच बघा. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांचं वीजबिल महिन्याला कोटींत जातं. तिथल्या इंडक्शन भट्ट्या चुंबकीय क्षेत्रानेच भंगार वितळवतात. म्हणजे चुंबक आणि वीज यांचं नातं कळणारे लोक आपल्याच गावात आहेत आणि वीज स्वस्त व्हावी याची गरजही त्यांनाच सगळ्यात जास्त. चुंबकावर फुकट वीज निघत असती तर पहिलं मशीन तिथे बसलं असतं. तुमच्या विहिरीपर्यंत यायच्या आधी.

चुंबकात मुळात ऊर्जा किती असते? एक किलोच्या चांगल्या निओडिमियम चुंबकात साठलेली ऊर्जा शंभर ज्यूलच्याही आत. पाच एचपीच्या मोटरला दर सेकंदाला 3,700 ज्यूल लागतात. चुंबक स्प्रिंगसारखं आहे, जेवढं ढकलतं तेवढंच परत ओढतं. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं की चुंबक आणि तार एकमेकांजवळून हलवली की वीज होते, पण ते हलवायला जोर लावावा लागतो. सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, आठवतं? जनरेटरवर लोड टाकला की इंजिनचा आवाज दबतो. तो जडपणा म्हणजेच विजेची किंमत.

‘मोटर जनरेटरला फिरवील, जनरेटर मोटरला,’ हे म्हणणाऱ्यांसाठी घाटघरचं उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या या 250 मेगावॅटच्या प्रकल्पात खालचं पाणी विजेने वर चढवतात आणि गरजेच्या वेळी सोडून वीज करतात. चढवायला जेवढी वीज लागते, त्यापेक्षा कमीच परत मिळते. वेळ सोयीची मिळते म्हणून सरकार तो तोटा सोसतं.

मग समोर मशीन आलं तर काय करायचं?

1) ऊर्जा येते कुठून, हे विचारा. परळीला कोळसा जळतो, सौरपंपाला ऊन लागतं. ‘चुंबकातून’ हे उत्तर नाही.

2) बल्बवर भुलू नका. इन्व्हर्टरची 150 एएचची एक बॅटरी कुठेतरी लपवली तर 9 वॅटचा बल्ब आठ दिवस चालतो. पण त्याच बॅटरीवर पाच एचपीची मोटर अर्धा तासही चालत नाही. म्हणून मशीन उघडं करून, जमिनीवरून उचलून, तुमच्या विहिरीवर, तुमच्या मोटरवर, सलग आठ दिवस. तोपर्यंत एक रुपया नाही.

3) ‘पेटंट केलंय’ म्हणाला तर अर्जाचा नंबर नाही, मंजूर पेटंट मागा. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3(अ) सांगतं की निसर्गनियमांच्या उघड विरोधातल्या दाव्याला पेटंट मिळत नाही.

4) ‘आजच भरा, उद्या भाव वाढेल’ म्हटलं की उठा.

दिवसा पाणी पाहिजे असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. पण तिच्याही नावाने खोट्या लिंक फिरतात, अर्ज महावितरणच्या अधिकृत साईटवरच करा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत यायची आशा कमी.

रेडहेफरचं यंत्र पकडायला मोठं शास्त्र लागलं नाही. एका पोराने दाते बघितले, एका माणसाने फळी उचकटली. तुमच्या गावात कुणी असं मशीन घेऊन आला तर चहा पाजा, नीट ऐकून घ्या, आणि फळी उचकटून बघा.

गावाच्या ग्रुपवर टाका. कुणाचे तरी बुकिंगचे पैसे वाचतील.