नकाशावरचे नाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती

गावाच्या नकाशावर जी नावे असतात ती कोणी लिहिली, हे विचारल्याशिवाय गावाचा इतिहास पुरा होत नाही. डोंगराला, नदीला, नाल्याला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचा पत्ता आज लागणे कठीण. परंतु महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, भिलाटी ही नावे कोणत्या तोंडून आली हे सांगायला कोणा संशोधकाची गरज नाही. ती पांढरीतल्या घरांनी गावकुसाबाहेरच्या घरांना दिली. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीसाठी उदंड श्रम घेतले. गावाच्या नावाला व्युत्पत्ती असते. वस्तीच्या नावाला मात्र जात असते, आणि ती शोधावी लागत नाही.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे. नकाशा काढणे हे एकेकाळी केवळ सरकारचे काम होते. आता ते कोणीही करू शकतो. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा सुरू केला. जगभरचे लोक मिळून तो काढतात आणि त्यावरच्या प्रत्येक वस्तूला वर्णनाची चिठ्ठी लावतात. तिला 'टॅग' म्हणतात. या चिठ्ठीवर काय लिहायचे, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न आहे. परंतु ज्यांच्या कपाळावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी चिठ्ठी लावली, त्यांनी तो तांत्रिक म्हणून सोडून देता कामा नये. म्हणून आधी जुन्या नकाशाकडे पाहू.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर भागातून बसवीत आणली. ती खानदेशात पोचली तेव्हा, १८५२ मध्ये, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला. सरकारने सैन्य आणून तो मोडला. साखळी फिरली, दगड रोवले गेले, सर्व्हे नंबर पडले. जमीन ज्याच्या नावावर होती त्याला मोजणीची भीती वाटली, आणि ती खरीही होती, कारण मोजणीमागून सारा येत होता. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याचा या उठावात आवाज ऐकू येत नाही. नकाशावर जे नाहीत, ते नकाशाविरुद्ध बंड तरी कसे करणार?

आणि तरीही गावाची हद्द सर्वांत पक्की कोणाला ठाऊक होती? महाराला. शिवेचा वाद पडला म्हणजे महाराची साक्ष निर्णायक मानीत. शिव दाखवणे, हद्दीच्या खुणा राखणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे ही त्याची वतनी कामे होती. कोणत्या बाभळीपाशी एक शिवार संपते आणि कोणत्या नाल्यापासून दुसरे सुरू होते, हे त्याच्या पायांना ठाऊक होते. पण लेखणी कुळकर्ण्याच्या हातात होती. महाराने बोट दाखवावे आणि दुसऱ्याने लिहावे, अशी ही कामाची वाटणी होती. ज्याच्या बोटावर सारा गाव नकाशात उतरला, त्याची स्वतःची वस्ती मात्र त्याच्या जातीच्या नावाने नोंदली गेली. ज्ञान त्याचे, शब्द दुसऱ्याचे. आपल्या इतिहासातील चोरी केवळ जमिनीची नाही, ती या जागीही झालेली आहे.

या सेवेबद्दल जी जमीन मिळे तिलाही नाव कसे पडले पाहा. हाडकी, हाडोळा. अशी जमीन इनाम म्हणून मिरवायची की गुलामीची पावती म्हणून ओळखायची, हे बाबासाहेबांनी स्पष्ट करून सांगितले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. वतन गेले. जमिनी परत मिळाल्या त्या अटींसह, आणि त्या अटींचा शेरा सातबाऱ्यावर राहिला. आजही अशा जमिनीचा वाद निघाला की जुन्या कागदावरचे जुने नावच पुराव्याला लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आजच्या नकाशाकडे येऊ. त्याची रचना साधी आहे. प्रत्येक टॅगला दोन अंगे: डावीकडे गुणाचे नाव, उजवीकडे त्याचे मूल्य. 'प्लेस' म्हणजे ठिकाण, आणि पुढे शहर, गाव, पाडा यांपैकी जे असेल ते. 'नेम' म्हणजे नाव. याशिवाय जुन्या नावासाठी वेगळी जागा, स्थानिक बोलण्यातल्या नावासाठी वेगळी, सरकारी नावासाठी वेगळी, भाषेगणिक वेगळी. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत स्वतःचे संकेताक्षर आहे, तेव्हा अहिराणी नावही लिहिता येते. कोणी काय बदलले याची नोंद मागे राहते. गावदप्तरात अशी सोय कधी नव्हती. तिथे एकच नाव, एकच हात.

या नकाशाचा एक दंडक असा की जमिनीवर जे प्रत्यक्ष दिसते ते लिहावे. दंडक चांगला आहे. परंतु जमिनीवर उभा कोण आहे? पुष्कळ लोक दूर कोठेतरी बसून उपग्रहाच्या चित्रावरून घरे आणि रस्ते रेखतात. त्यांचे उपकार मानले पाहिजेत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा अशाच स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा थोड्या दिवसांत उभा केला आणि मदतपथकांनी तो वापरला. पण उपग्रहाच्या चित्रात छपरे दिसतात, विटाळ दिसत नाही. गाव आणि वस्ती यांच्यामधली मोकळी जागा तिथे नुसती मोकळी जागा असते. ती का मोकळी आहे हे वस्तीतल्या माणसालाच ठाऊक.

एक साधे उदाहरण घ्या. वस्तीत समाजमंदिर असते. तिथे सभा होतात, लग्ने होतात, मुले अभ्यासाला बसतात. दूरच्या माणसाने 'मंदिर' एवढाच शब्द वाचला तर तो प्रार्थनास्थळाचा टॅग लावील आणि धर्म हिंदू लिहील. बुद्धविहारासाठी त्याच नकाशात बौद्ध धर्माचे मूल्य उपलब्ध आहे, सभागृहासाठी वेगळा टॅग आहे. शब्द आहेत. लिहिणारा हवा.

दुसरे उदाहरण पाण्याचे. विहीर, तळे, वाट खुली आहे की खासगी, हे सांगणारा 'ॲक्सेस' नावाचा टॅग आहे, आणि तो कायद्याने असलेला हक्क सांगतो. कायद्याचा हक्क म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेनेही आपले तळे कागदावर खुले केले. त्या पाण्याला आपला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. १९२४ साली चवदार तळ्याला टॅग लावायचा असता तर 'खुले' असाच लागला असता, आणि तो कायद्याने बरोबर असूनही खोटा असता. वर्णन करणारा ज्या बाजूला उभा असतो त्या बाजूचे सत्य टॅगमध्ये उतरते.

मग वस्तीच्या नावाचे काय करायचे? महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की वस्त्यांची जातिवाचक नावे बदलावीत, आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. हा निर्णय योग्यच आहे. पोस्टमनने, शाळेतल्या गुरुजींनी, रुग्णवाहिकेच्या चालकाने जात उच्चारल्याशिवाय आमच्या दारापर्यंत पोचू नये, ही कुठली रीत? पण बदलायच्या नावांच्या उदाहरणांत महारवाडा आणि मांगवाडा यांच्याबरोबर बौद्धवाडाही होता. महारवाडा हे नाव आमच्यावर लादलेले. बौद्धवाडा हे १९५६ च्या धर्मांतरानंतर आम्ही स्वतः घेतलेले. बाहेरच्यांनी त्याचीही पुन्हा जात करून टाकली, हे खरे. तरी दोन्ही नावे एका तराजूत घालणे हे इतिहासाला धरून नाही.

अमेरिकेतील निग्रोंचा अनुभव येथे उपयोगी पडतो. त्यांच्याविषयीचा एक शिवीवजा शब्द तिथल्या सरकारी नकाशांवर कित्येक टेकड्यांना आणि ओढ्यांना चिकटलेला होता. १९६३ मध्ये तो सरसकट काढून त्या जागी 'निग्रो' शब्द घातला गेला. शिवी गेली, पण लेखणी त्याच हातात राहिली, आणि पुढे कृष्णवर्णीयांनी तो दुसरा शब्दही नाकारला. याउलट २०२२ मध्ये आदिवासी स्त्रियांचा अपमान करणारा शब्द सुमारे ६५० स्थळांवरून काढण्यात आला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्री डेब हॅलंड या स्वतः आदिवासी होत्या. शब्द बदलणे आणि लेखणीचा हात बदलणे या दोन वेगळ्या क्रांत्या आहेत.

आमचे म्हणणे असे की पाटीवरून महारवाडा गेला पाहिजे, इतिहासातून जाता कामा नये. नावाच्या जागी वस्तीने स्वतः निवडलेले नाव लिहावे. जुने नाव जुन्या नावाच्या जागी, तो काळ सांगून, राहू द्यावे. ते अजिबात पुसले तर नाव समतानगर होईल, पण रस्ता वस्तीच्या अलीकडेच संपत असेल, गावाची गटारे वस्तीकडेच उतरत असतील, आणि हे असे का, याचा पुरावा मात्र उरणार नाही. शिवाय उद्या हाडकीच्या जमिनीचा वाद निघाला तर नातवाला आजोबाची वस्ती कागदावर सापडली पाहिजे. जखम झाकणे वेगळे आणि जखम कोणी केली याची नोंद ठेवणे वेगळे.

नाव सरकारने पुसले म्हणून पुसले जाते असेही नाही. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये दुभागला, पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती नावेही गेली, जळगाव आणि धुळे आले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. आज खानदेश नावाचा जिल्हा नाही, तरी तापी-गिरणेकाठच्या प्रत्येक तोंडी खानदेश आहे. लोकांच्या जिभेवरचे नाव सरकारी नावाहून चिवट असते.

म्हणून काम आपल्यालाच करावे लागेल. धुळ्याच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंग आहे. तिथला किल्ला फारुकी काळापासून इतिहासाच्या पुस्तकात आहे, त्याला ऐतिहासिक स्थळाचा टॅग लावायला कोणी कचरणार नाही. त्याच परिसरात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब त्या बंगल्यात उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते आणि खानदेशातले आपले लोक पावसात डोंगर चढून जातात. आकाशातून पाहणाऱ्याला ती केवळ एक इमारत आहे. स्मृतिस्थळ हा शब्द तिच्यापुढे लिहायचा असेल तर तो त्या वाटेने चढून गेलेल्यानेच लिहायचा.

वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींच्या हातात आज फोन आहे. त्यांनी आपल्या वस्तीची गल्ली, हापसा, विहार, अभ्यासिका, बाबासाहेबांचा पुतळा, स्मशानाकडे जाणारी वाट नकाशावर उतरवावी. नाव काय लिहायचे ते म्हाताऱ्या माणसांना विचारून, वस्तीत बसून ठरवावे. त्यांच्या पणजोबांनी गावाची शिव चालून दाखवली आणि लिहिले दुसऱ्याने. आता चालणाऱ्यानेच लिहावे.