गोमंतकाच्या लढ्यातील लोकभावना

परकी सत्ता बंदुकांच्या जोरावर येते, परंतु टिकते ती प्रजेच्या भीतीवर. सालाझारच्या राजवटीत गोमंतकात सभास्वातंत्र्य नव्हते. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे न्यावी लागे. घरोघरी असंतोष होता; पण शेजाऱ्याच्या मनातही तोच धुमसत आहे, याची खात्री कोणास नव्हती.

ही कोंडी १८ जून १९४६ रोजी मडगावात फुटली. डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मिनेझिस बंदी मोडून भर पावसात सभास्थानी आले. कॅप्टन मिरांडाने पिस्तूल रोखले, तेव्हा लोहियांनी त्याचा हात शांतपणे बाजूस सारला. दोघांनाही अटक झाली. परंतु जमलेल्या लोकांनी जे पाहिले, ते पुसणे सरकारच्या हाती उरले नव्हते. लवकरच गावोगावचे सत्याग्रही पुढे येऊ लागले.

सरकारने तुरुंग आणि हद्दपारी यांचा आश्रय घेतला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली व पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. शांततेची वाट अशी अडविली जाताच संतापाने दुसरी वाट शोधली. १९४७ मध्ये आझाद गोमंतक दल स्थापन झाले. त्याचे एक सेनानी मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली.

मात्र संतापाची परिणती शस्त्रातच होते, असे नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही निःशस्त्र सीमेवर आले. पत्रादेवी व अन्यत्र झालेल्या गोळीबारात वीसहून अधिकांना हौतात्म्य लाभले. क्षोभ त्यांच्याही मनात होता. परंतु प्रतिज्ञा, शिस्त आणि शेजारी चालणाऱ्याचा आधार यांनी त्याला बांध घातला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तो भारतीय सैन्याच्या कारवाईने. म्हणून सत्याग्रह निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सैन्याने परकी सत्ता हटविली. लोकांच्या मनातील तिचा धाक मात्र त्याआधी पंधरा वर्षे मडगावात ओसरू लागला होता. दोन्ही वाटांच्या वीरांची वेदना एकच होती. तिला उघडपणे बोलण्यास जागा मिळते की नाही, यावर तिचे पुढील रूप बरेचसे ठरत गेले. स्वतंत्र समाजानेही हा धडा विसरू नये.