दिनविशेष : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन

२६ फेब्रुवारी १८८७ : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात क्षयाने निधन झाले. वय अवघे २१. आदल्याच वर्षी फिलाडेल्फियात त्यांनी एम.डी. मिळवली होती. कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणुकीवर त्यांना रुजू होता आले नाही.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर करून तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. कारण कळले होते, औषध नव्हते; पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, पण दवाखान्यात जायला अनेकदा रोग्याकडूनच उशीर होतो. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठसारख्या गावांतून पोटासाठी मुंबई गाठलेल्याला दाटीच्या खोलीत क्षय जडला, तर शिमग्याला त्याच्याबरोबर हा रोगही गावच्या घरात शिरतो. हा रोग खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. रोग्याचे ताट-पेला वेगळे करून काही साधत नाही, तरी ते करायला माणसे फार तत्पर! त्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकताना तोंडावर रुमाल धरावा. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर बेडक्याची तपासणी करावी. योग्य औषध लागू पडले की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप उतरतो. गोळ्या मात्र साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या, तर औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो.