गांव तेंच, पत्ता नवा

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत आखाडा बाळापूर म्हणून एक गांव आहे. नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. नुसतें बाळापूर म्हटलें, कीं बहुतेक सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें येतें तें अकोला जिल्ह्यांतलें बाळापूर. तेथें किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे, आणि सन १७२० मध्यें निजामुल्मुल्कानें आलम अलीखानाचा पराभव केला तोहि त्याच परिसरांत. असा नामांकित भाऊबंद वऱ्हाडांत असल्यावर मराठवाड्यांतल्या बाळापुरानें आपल्या नांवाचा 'आखाडा' हा शब्द जपावा, हें योग्यच होय.

श्रोतेहो, या गांवाच्या पत्त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. मग संस्थान भारतांत विलीन झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. आणि १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली हा निराळा जिल्हा निघाला. १९४५ सालीं येथें जन्मलेला एखादा गृहस्थ जन्मभर एकाच घराच्या ओसरीवर बसून राहिला असता, तरी पाकिटावरील त्याच्या पत्त्याची अखेरची ओळ चार वेळां तरी निराळी लिहावी लागली असती. तथापि त्याचीं पत्रें अडलीं नसतीं. 'जि. परभणी' असें लिहिलेलें जुन्या वळणाचें पाकीट हातीं आलें, तर टपालांतला जाणता माणूस मनांतल्या मनांत दुरुस्ती करून तें योग्य थैलींत टाकतो.

या मनांतल्या दुरुस्तीला कागदावर आणण्याचें श्रेय एका मराठी माणसाकडे जातें. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवि आणि टपालखात्यांतले वरिष्ठ अधिकारी. त्यांनीं योजिलेली सहा आंकड्यांची पिनकोड पद्धति १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि नानाविध लिप्यांतले पत्ते यांमुळें होणारा घोटाळा तिनें पुष्कळ कमी केला. आखाडा बाळापुराचा पिनकोड ४३१ या आंकड्यांनीं सुरू होतो, अकोल्याकडील बाळापुराचा ४४४ नें. जिल्हा बदलला तरी पहिल्या बाळापुराचे ४३१ तसेच राहिले.

आतां मुख्य विषयाकडे येतों. आज कार्यालयें, वृत्तपत्रें, शाळा, पेढ्या या सर्वांचें एक घर महाजालावर असतें. त्यास आपण संकेतस्थळ म्हणतों. हें घर दर कांहीं वर्षांनीं नवें करण्याची हौस, आणि पुष्कळदां गरजहि, उत्पन्न होते. अशा वेळीं पानांचे पत्ते बदलतात, आणि महाजालावर मनांत दुरुस्ती करणारा टपालवाला आपोआप मिळत नाहीं. तो नेमावा लागतो. न नेमल्यास काय होतें, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यानें १९९१ च्या सुमारास हें जाळें जगापुढें ठेविलें. प्रत्येक पानास एक पत्ता, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे, अशी त्याची रचना. मे १९९६ मध्यें या व्यवहाराचे नियम 'एचटीटीपी १.०' या नांवानें नोंदले गेले. त्यांत उत्तरांचे सांकेतिक आंकडे आहेत. ४०४ म्हणजे 'सांपडलें नाहीं', हा आंकडा आतां घरोघरीं ठाऊक झाला आहे. त्याचे दोन सोबती मात्र तितके परिचित नाहींत: ३०१ म्हणजे 'कायमचें हललें आहे, अमक्या ठिकाणीं जा', आणि ३०२ म्हणजे 'तूर्त दुसरीकडे आहे'. मोंढ्यांतला व्यापारी पेढी हलवितांना जुन्या दारावर जी पाटी लावतो, तीच ही ३०१ ची पाटी.

पुढें १९९८ मध्यें लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोघां विद्यार्थ्यांनीं गूगलची स्थापना केली. त्यांची मूळ कल्पना अशी, कीं ज्या पानाकडे पुष्कळ इतर पानें, आणि त्यांतहि स्वतः वजनदार अशीं पानें, बोट दाखवितात, तें पान अधिक विश्वासाचें मानावें. त्या दिवसापासून महाजालावरील पत्ता हा नुसता पत्ता उरला नाहीं. त्याच्या खात्यावर पत जमा होऊं लागली. दहा वर्षें लोकांनीं ज्या पानाचे दुवे दिले, त्या पानाचा पत्ता एका रात्रींत बदलला व जुन्या दारावर पाटी लावली नाहीं, तर शोधयंत्राच्या दृष्टीनें जुनें पान मेलें आणि नवें पान हें काल जन्मलेलें, निनांवी बालक ठरलें. मजकूर अक्षरशः तोच असला, तरी पूर्वीची पत त्यास मिळत नाहीं.

यावरचा उपाय आपल्या महसूल खात्यास फार पूर्वीं ठाऊक होता. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें गांवोगांव जमिनींचे गट पाडले गेले, तेव्हां जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला, याचा उतारा सरकारनें करून ठेविला म्हणून बरें. नाहीं तर आजोबांच्या खरेदीखतांतली जमीन नातवास कधींच सांपडली नसती. संकेतस्थळ हलवितांनाहि पहिलें काम हेंच: जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिलेला तक्ता. घर पाडण्यापूर्वीं त्यांत काय काय होतें याची याद करावी, कोणत्या पानांवर लोक खरोखर येतात आणि बाहेरचे दुवे कोणत्या पानांकडे आहेत हें पाहावें, मग एकेका पानाची कायमची पाठवणी त्याच विषयाच्या नव्या पानाकडे करावी.

येथें कारागीर एक आळस करतात. सर्व जुन्या पत्त्यांवरून येणाऱ्यास ते नव्या घराच्या देवडीवर आणून सोडतात. हळदीचा भाव विचारावयास आलेल्या शेतकऱ्यास 'आमचें स्वागत स्वीकारा' असें सांगण्यापैकींच हें होय. शोधयंत्रहि अशा पाठवणीस फसत नाहीं; गूगल ती बहुधा 'सांपडलें नाहीं' याच सदरांत घालतें. दुसरी चूक याहून घातक. नवें स्थळ तयार होत असतां तें अर्धवट स्थितींत कोणी पाहूं नये, म्हणून शोधयंत्रांस 'आंत येऊं नका' अशी सूचना लिहून ठेवितात. उद्घाटनाच्या गर्दींत ती काढावयाची राहते आणि सगळेंच्या सगळें स्थळ शोधांतून नाहींसें होतें. एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर, तेथून तिसऱ्या पाटीवर अशी रांग लावणेंहि बरें नव्हे. नव्या स्थळांतले आपापसांतले दुवे थेट नव्या पत्त्यांचेच असावेत, आणि पानांची नवी यादी शोधयंत्रांस कळवावी. या यादीची पद्धति गूगलनें २००५ मध्यें काढली. पुढल्याच वर्षीं याहू व मायक्रोसॉफ्ट यांनींहि ती मान्य केली. इतकें करूनहि कांहीं आठवडे क्रम खालींवर होतो. तेवढ्यानें घाबरून पुन्हां सगळें बदलूं नये.

पाटी किती दिवस ठेवावी? गूगलचें सांगणें, निदान एक वर्ष. माझ्या मतें हा हिशेब शोधयंत्राच्या सोयीचा आहे, वाचकाच्या नव्हे. छापील ग्रंथांत दिलेला पत्ता वर्षानें जुना होत नाहीं. २०२४ मध्यें प्यू या अमेरिकन संस्थेनें तपासणी केली, तेव्हां २०१३ सालीं असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर मिळेनाशीं झालेलीं आढळलीं. खुद्द बर्नर्स-ली यानें १९९८ मध्येंच एका टिपणांत बजाविलें होतें, कीं पत्ता असा योजावा, कीं तो बदलण्याची वेळच येऊं नये. त्यांत लेखकाचें नांव, विषयाचें वर्गीकरण, वापरलेल्या यंत्रणेची खूण, असें पालटणारें कांहीं घालूं नये. सर्ननेंहि २०१३ मध्यें जगांतलें पहिलें संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हां उभें केलें.

मराठीस या बाबतींत एक जादा संकट सोसावें लागलें. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती. परंतु ती घरोघरच्या संगणकांवर चालूं लागण्यास बराच काळ लोटला. दरम्यान जो तो आपापल्या टंकांत मजकूर घालीत होता. डोळ्यांस तीं सुबक मराठी अक्षरें दिसत, यंत्रास मात्र तीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी वाटे. त्यामुळें तो मजकूर शोधांत येतच नसे. युनिकोडकडे येतांना ज्यांनीं जुन्या अंकांचें रूपांतर केलें त्यांचें संचित वांचलें. ज्यांनीं 'आजपासून नवें' म्हटलें त्यांचा मागचा मजकूर आजच्या वाचकापुरता लिहिलाच गेला नाहीं.

नांवांचाहि प्रश्न आहेच. वसमत जुन्या इंग्रजी कागदांत 'बसमत' असें आढळतें. फेब्रुवारी २०२३ मध्यें केंद्राच्या संमतीनें औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचें धाराशिव झालें. शोधणाऱ्यांच्या बोटांना मात्र जुनीं नांवें बराच काळ आठवत राहणार. तेव्हां नव्या पानावर नवें नांव ठळक असावें, आणि जुनेंहि मजकुरांत कोठें तरी असूं द्यावें. मराठी विकिपीडियावर लेखाचें शीर्षक बदललें, कीं जुन्या शीर्षकावरून नव्याकडे पुनर्निर्देशन ठेविण्याची रीत आहे. ती इतरांनींहि उचलावी.

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ जिल्ह्यांचीं सरकारी संकेतस्थळें एका सामायिक सांच्यांत बसविलीं गेलीं, आणि अशीं स्थित्यंतरें पुढेंहि होत राहतील. नवें रूप देणारे बहुधा शहरांत बसलेले असतात. त्यांस शीर्षक आटोपशीर हवें असतें, आणि नेमका अशा वेळीं एखादा शब्द गाळला जातो. आमच्या बाळापुराच्या पानावरून 'आखाडा' गाळला, तर तेथल्या बाजाराची चौकशी करणारा थेट वऱ्हाडांतल्या किल्ल्यावर जाऊन पोंचेल.