टॅब्लेट संगणकांची तुलना

टॅब्लेट संगणकांची तुलना म्हणजे खरेदीपूर्वी दोन किंवा अधिक टॅब्लेट संगणकांची किंमत, पडदा (स्क्रीन), प्रोसेसर, रॅम, साठवण क्षमता, बॅटरी, कार्यप्रणाली आणि विक्रीपश्चात सेवा यांच्या आधारे केलेली पारख होय. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या पारखेचा प्रश्न प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या संदर्भात चर्चेत आला. ‘आकाश’ या अल्पमोली टॅब्लेटच्या निमित्ताने तो प्रथमच सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. या उपकरणाची दुसरी आवृत्ती मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या (आयआयटी मुंबई) देखरेखीखाली आली होती. अनेक घरांत टॅब्लेट हा विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला आणि पुढील काही वर्षांपुरता एकमेव संगणक असतो; त्यामुळे निवड चुकल्यास ती लगेच बदलता येत नाही.

मराठीत या उपकरणाला ‘संगणकीय पाटी’ असेही म्हटले जाते. शब्द अर्थवाही असला तरी बोलण्यात ‘टॅब’ हाच रूढ झाला आहे.

पार्श्वभूमी

हाती धरून वाचता-लिहिता येईल अशा संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली होती व ती मुलांच्या शिक्षणासाठीच होती. प्रत्यक्षात टॅब्लेट लोकप्रिय झाला तो ॲपल कंपनीने ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आणलेल्या आयपॅडमुळे. त्याच वर्षी सॅमसंगचा सात इंची गॅलेक्सी टॅब बाजारात आला आणि आयपॅडची आयओएस व गूगलची अँड्रॉइड या दोन कार्यप्रणालींमधील स्पर्धा सुरू झाली. आयपॅडची दुसरी आवृत्ती एप्रिल २०११ मध्ये भारतात आली. तिची किंमत २९,५०० रुपयांपासून पुढे होती. ही किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती.

आकाश आणि त्याचे प्रतिस्पर्धी

तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरच्या संगणकाचा नमुना सादर केला. त्याचे प्रत्यक्ष रूप म्हणजे ‘आकाश’. त्याचे अनावरण ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत झाले. माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय अभियानातून हा प्रकल्प राबविण्यात आला. पहिल्या टप्प्याची जबाबदारी आयआयटी राजस्थान (जोधपूर) या संस्थेकडे होती व पुरवठादार डेटाविंड ही कंपनी होती.

पहिल्या आकाशला सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि २,१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी होती. कॅमेरा नव्हता. मात्र दोन यूएसबी जोडण्या होत्या, आणि ही सोय आयपॅडमध्येही नव्हती. पडदा दाबावर चालणारा (रेझिस्टिव्ह) होता. असा पडदा स्वस्त असतो आणि त्यावर बोटाच्या नखाने किंवा कोणत्याही बोथट टोकाने लिहिता येते. परंतु प्रत्येक स्पर्शाला जोर द्यावा लागतो आणि दोन बोटांनी चित्र मोठे करण्यासारख्या क्रिया त्यावर नीट होत नाहीत. आयपॅडचा पडदा त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेवर चालणारा (कपॅसिटिव्ह) होता. दुकानात अर्धा मिनिट हाताळल्यावर लक्षात येणारा हा फरक किमतीच्या बातम्यांत मात्र हरवून गेला.

बॅटरी जेमतेम दोन-तीन तास चालत असे. गूगलच्या अधिकृत ॲप-बाजारपेठेऐवजी त्यात ‘गेटजार’ ही पर्यायी बाजारपेठ दिली होती. उपकरण किती दणकट असावे या मुद्द्यावर संस्था व पुरवठादार यांच्यात मतभेद झाले. एका बाजूने लष्करी दर्जाच्या कठोर चाचण्यांचा आग्रह होता, तर दुसऱ्या बाजूने या किमतीत ते निकष अव्यवहार्य असल्याचा युक्तिवाद केला गेला. खरेदीनंतर निकष ठरविण्याचा प्रयत्न केला की काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे सोपविण्यात आला.

सुधारित ‘आकाश २’चे अनावरण राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे राष्ट्रीय शिक्षणदिनी झाले. दरम्यानच्या काळात खासगी प्रतिस्पर्धी पुढे आले होते. बीएसएनएलने ३,२५० रुपयांचा ‘पेंटा’ टॅब्लेट, तर मायक्रोमॅक्सने ‘फनबुक’ बाजारात आणला. त्या काळातील काही टॅब्लेट पुढीलप्रमाणे :

| टॅब्लेट | वर्ष | किंमत (रुपये) | पडदा | प्रोसेसर | रॅम |
|---|---|---|---|---|---|
| आकाश | २०११ | सुमारे २,२५० (शासकीय खरेदी) | ७ इंच, दाबावर चालणारा | ३६६ मेगाहर्ट्‌झ | २५६ मेगाबाइट |
| आयपॅड २ | २०११ | २९,५०० पासून | ९.७ इंच, वाहकतेवर चालणारा | १ गिगाहर्ट्‌झ, दोन गाभे | ५१२ मेगाबाइट |
| मायक्रोमॅक्स फनबुक | २०१२ | ६,४९९ | ७ इंच, वाहकतेवर चालणारा | १.२ गिगाहर्ट्‌झ | ५१२ मेगाबाइट |
| आकाश २ | २०१२ | २,२६३ (शासकीय खरेदी) | ७ इंच, वाहकतेवर चालणारा | १ गिगाहर्ट्‌झ | ५१२ मेगाबाइट |

तक्ता वरवर वाचल्यास आकाश २ आणि आयपॅड २ यांचे प्रोसेसरचे व रॅमचे आकडे एकच आहेत, आणि किमतीत मात्र तेरा पटींचा फरक आहे. यावरून पहिला अगदी स्वस्त किंवा दुसरा अवाजवी महाग, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गिगाहर्ट्‌झ हे केवळ ठोक्यांचे प्रमाण आहे. एका ठोक्यात किती काम होते हे त्यातून कळत नाही. आयपॅडच्या प्रोसेसरला दोन गाभे होते, चित्रांकनाचा वेगळा आणि समर्थ विभाग होता, आणि बॅटरीची ऊर्जा आकाश २ च्या दुपटीहून अधिक होती. शिवाय २,२६३ रुपये हा लाखभर नगांच्या शासकीय खरेदीचा दर होता. तो दुकानातील किमतीशी थेट ताडून पाहता येत नाही. त्या काळच्या पुष्कळ वार्तांकनांत हे दोन्ही भेद पाळले गेले नाहीत.

आकाश २ ची जमेची बाजू उपकरणाहून त्याच्या सामग्रीत होती. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली आयआयटी मुंबईच्या चमूने त्यावर सी, सी++, पायथन व सायलॅब यांत कार्यलेखन (प्रोग्रॅमिंग) करण्याची सोय उपलब्ध करून दिली आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांच्या प्रशिक्षणाशी ती जोडली. अडीच हजारांच्या आतील उपकरणावर विद्यार्थी स्वतः कार्यक्रम लिहून चालवू शकत होता. चित्रफिती पाहण्यापुरत्या घेतलेल्या महागड्या टॅब्लेटपेक्षा हा उपयोग शिक्षणदृष्ट्या अधिक मोलाचा होता. तथापि बाजारातील टॅब्लेट व स्मार्टफोन झपाट्याने स्वस्त होत गेले, प्रकल्पाची गती मंदावली आणि २०१५ मध्ये तो बंद करण्यात आला.

पडदा आणि देवनागरी वाचन

मराठी वाचकाच्या दृष्टीने तुलनेतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा घटक पडदा हा आहे. पडद्याचे माप कर्णरेषेवर सांगितले जाते, त्यामुळे ते फसवे ठरते. सात इंच आणि अकरा इंच यांत दीडपटीच्या आसपास फरक वाटतो. वास्तविक आकाशचा सात इंची पडदा सुमारे १५.२ × ९.१ सेंटिमीटर होता, तर १६:१० प्रमाणातील अकरा इंची पडदा सुमारे २३.७ × १४.८ सेंटिमीटर भरतो. क्षेत्रफळ अडीचपट होते.

पाठ्यपुस्तके, प्रश्नपत्रिका व टिपणे बहुधा पीडीएफ स्वरूपात, ए-४ किंवा त्याच्या जवळपासच्या आकारात असतात. ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद असते. ते आकाशच्या पडद्यावर उभे बसविल्यास १२ बिंदूंचा ठसा जवळजवळ ५ बिंदूंचा होतो. अकरा इंची पडद्यावर तो साडेआठ बिंदूंच्या आसपास राहतो, म्हणजे वृत्तपत्रातील बारीक मजकुराएवढा. लहान पडदा आडवा धरता येतो, पण मग एका वेळी पानाचा तुकडाच दिसतो आणि आकृती एकीकडे व तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे राहते.

आकाराइतकीच पडद्याची घनता, म्हणजे पिक्सेलची संख्याही पाहावी लागते. रोमन लिपीला जे पुरते ते देवनागरीला पुरत नाही. कारण एका अक्षराच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार आणि मधले जोडाक्षर एवढे सारे सामावायचे असते. आकाशच्या ८०० × ४८० पिक्सेलच्या पडद्यावर ए-४ पान उभे बसविल्यास १२ बिंदूंच्या अक्षराला उभे जेमतेम दहा पिक्सेल मिळत. तेवढ्यात ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध्य’ ओळखणे म्हणजे अंदाजच. १९२० × १२०० पिक्सेलच्या अकरा इंची पडद्यावर त्याच अक्षराला सुमारे २४ पिक्सेल मिळतात.

लिपीची सोय हा आणखी एक मुद्दा. पहिल्या आकाशमधील अँड्रॉइड २.२ या आवृत्तीत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती अँड्रॉइड ४.० पासून मिळू लागली. आता बहुतेक सर्व टॅब्लेट मराठी दाखवतात. तरीही दुकानात ‘दुसऱ्या’, ‘ॲलर्जी’, ‘वाङ्मय’ असे दोन-चार शब्द टंकलिखित करून पाहणे उपयुक्त असते. ‘ऱ्य’मधील अर्धा र हा मराठीचा विशेष आहे आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. जुन्या अक्षरसंचांत या दोहोंच्या ठिकाणी चौकोन किंवा चुकीचा जोड दिसतो.

बॅटरी आणि इतर घटक

अँड्रॉइड टॅब्लेटचे निर्माते बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत सांगतात, तर ॲपल ती वॅट-तासांत देते. सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ प्लस (२०२३) याची बॅटरी ७,०४० मिलिअँपिअर-तासांची, आणि दहाव्या पिढीच्या आयपॅडची (२०२२) २८.६ वॅट-तासांची आहे. पहिल्या आकड्याला सुमारे ३.८५ व्होल्टने गुणून हजाराने भागल्यास २७ वॅट-तास येतात. म्हणजे भिन्न दिसणारे हे आकडे वस्तुतः जवळपास सारखे आहेत. वजनही सारखेच, ४८० ग्रॅमच्या आसपास आहे.

साठवण क्षमतेतून कार्यप्रणालीने व्यापलेली जागा वजा करावी लागते. गॅलेक्सी टॅब ए९ प्लसमध्ये मेमरी कार्ड घालता येते; आयपॅडच्या कोणत्याही आवृत्तीत ती सोय नाही, त्यामुळे तेथे खरेदीच्या वेळी निवडलेली क्षमता कायमची असते. लेखणी (स्टायलस), कळफलक आणि संरक्षक वेष्टन यांची किंमत अनेकदा स्वतंत्र असते. दहाव्या पिढीच्या आयपॅडसोबत पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल वापरायची तर जोडणीसाठी वेगळा अडॅप्टरही लागतो. हे सारे जमेस धरल्याशिवाय दोन किमतींची तुलना पूर्ण होत नाही.

सिम कार्ड घेणारा टॅब्लेट हवा की केवळ वाय-फायचा, याचे उत्तर २०१६ नंतर बदलले. नवी मुंबईतील घणसोली येथे ज्यांचे मोठे संकुल आहे त्या रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि मोबाइल डेटा देशभर स्वस्त झाला. घरातील फोनवरून हॉटस्पॉट देता येत असल्यास वाय-फायचा स्वस्त टॅब्लेट पुरतो. पालक फोन घेऊन दिवसभर कामावर जात असतील, तर मात्र विद्यार्थ्याच्या टॅब्लेटला स्वतःचे सिम असणे निकडीचे ठरते.

कार्यप्रणालीची अद्ययावतता किती वर्षे मिळणार हे निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. जुन्या आवृत्त्यांवर नवी ॲप्स चालेनाशी होतात आणि चालू स्थितीतील उपकरणही निरुपयोगी ठरते.

शासकीय वितरण

बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब्लेट दिले. नागपूर येथील महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) जेईई, नीट व एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना टॅब्लेट आणि इंटरनेट डेटा पुरवते. अशा योजनांत निवड विद्यार्थ्याच्या हाती नसते. म्हणूनच निविदेतील निकष लिहिणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते.

ग्राहकाचे हक्क

भारतात विकल्या जाणाऱ्या टॅब्लेटसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीचिन्ह उपकरणावर किंवा वेष्टनावर असते. परदेशातून आणलेल्या स्वस्त उपकरणांवर ते नसू शकते. तेथे हमीचाही प्रश्न उद्भवतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मग खरेदी ऑनलाइन असो वा दुकानातील. नवी मुंबई परिसर दोन जिल्ह्यांत विभागलेला असल्याने वाशी, नेरूळ वा ऐरोलीच्या रहिवाशाची तक्रार ठाणे जिल्ह्यात, तर खारघर वा पनवेलच्या रहिवाशाची रायगड जिल्ह्यात दाखल होते. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी उपकरणाचा अनुक्रमांक नमूद असलेली पावती जपून ठेवणे आवश्यक असते.