मेट्रोचं तिकीट आणि आमचा फळा

घाटकोपर पूर्वेला कॉमर्सच्या पोरांना गणित शिकवायचं तर उदाहरणांची ददात नाही. डिमांड फंक्शनसाठी मी वडापावची गाडीच फळ्यावर आणतो. भाव 'प' रुपये असेल तर दिवसाचा खप ५०० वजा २० प. गाडीचा ठरलेला खर्च ८०० आणि दर वडापावमागे ६ रुपये. (आकडे माझे, गाडीवाल्याने ऐकले तर हसेल.) १० रुपयांना विकला तर ३०० जातात, गल्ला ३०००, खर्च २६००. १५ ला विकला तर २००च जातात, गल्ला पुन्हा ३०००, पण खर्च २०००. इथे पोरं अडतात. भाव वाढवला आणि खर्च कमी झाला? झालाच. खर्च खपावर, खप भावावर. म्हणजे खर्चही शेवटी भावावरच.

ही साखळी कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ सालीच मांडून ठेवली. त्याने सुरुवातीला खनिज पाण्याचा झरा घेतला होता, ज्याला खर्चच नाही. खर्च त्याने मागाहून आणला.

८ जून २०१४ ला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि वडापावहून मोठं उदाहरण आपणहून दारात आलं. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. आधी अंधेरीला जायचं तर ३४० नंबरची बस आणि साकीनाक्याचा ट्रॅफिक. पहिला महिना तिकीट सरसकट १० रुपये, म्हणून नुसती हौस म्हणून वर्सोव्याला जाऊन येणारेही पुष्कळ.

तिकिटाचं भांडण मात्र आधीपासूनचं. करारात तिकीट ९, ११ आणि १३ रुपये होतं, प्रकल्पखर्च २,३५६ कोटी. मेट्रो चालवणारी कंपनी म्हणे, खर्च ४,३२१ कोटींवर गेला. एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाला ते मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०१५ पासून तिकीट १० ते ४० रुपये झालं. त्याच वर्षी भाडेनिश्चिती समितीने कमाल ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

मला यात खटकतं ते हे, की सगळी खडाजंगी खर्चाच्या आकड्यावर झाली. वडापाववाल्याचं गिऱ्हाईक घटलं तर बटाटे, बेसन, पाव तरी वाचतात. मेट्रोचा डबा अर्धा रिकामा गेला तरी वीज, देखभाल, पगार आणि कर्जाचं व्याज जवळपास तेवढंच. तिथे ठरलेल्या खर्चाचा, म्हणजे ८००चा आकडा राक्षसी आणि दर नगामागचा ६चा नगण्य. अशा धंद्यात तिकीट वाढवून खर्च आटोक्यात येत नाही, जमा तेवढी वर-खाली होते. आणि जमा किती, हे साकीनाक्याला उतरणारा कामगार ठरवतो: मेट्रोचं तिकीट काढायचं, की शेअर रिक्षा करायची, की पुन्हा ३४० ची रांग धरायची.

परीक्षेच्या पेपरात मात्र डिमांड फंक्शन आयतं छापून येतं. 'समजा' म्हटलं की संपलं.